विजेचा ठावठिकाणा

भाद्रपद सरता सरता आमच्या शाळेच्या पश्चिमेस, बालाघाटच्या डोंगररांगेवर, दुपारनंतर ढग जमू लागतात. सकाळी निरभ्र असलेले आकाश चार वाजेपर्यंत काळवंडते, वारा दिशा बदलतो, मैदानावरची धूळ उठते आणि विजांच्या कडकडाटासह परतीचा पाऊस सुरू होतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी खेळाचा तास अर्धवट सोडून मुले वसतिगृहाच्या व्हरांड्यात धावली. आम्ही मागून पोहोचलो तेव्हा सातवीतला एक मुलगा व्हरांड्याच्या अगदी टोकाला, पागोळ्यांखाली, एकटाच भिजत उभा होता. बाकीची मुले त्याला जवळ येऊ देत नव्हती. कारण विचारले तेव्हा एकाने खाली मान घालून सांगितले, "सर, तो पायाळू आहे."

जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू, आणि पायाळूवर वीज पडते, ही समजूत आपल्याकडे खेडोपाडी आजही टिकून आहे. पायाळू माणसाने लाथ मारली की पाठीत भरलेली उसण जाते, असेही मानतात. आमच्या स्वयंपाकघरातील मामा याच मुलाकडून अधूनमधून तो उपचार करवून घेत असत, हे आम्हांस पुढे कळले. त्या दिवशी आम्ही मुलांना रागावलो. रागावण्याने तोंडे गप्प झाली, भीती गेली नाही. खुद्द त्या मुलाचाही त्या समजुतीवर विश्वास होता. रात्री जेवणानंतर तो आमच्याकडे आला आणि त्याने विचारले, "सर, वीज नेमकी कुठं पडली, हे कुणी मोजतं का?"

प्रश्न साधा होता आणि आम्हा विज्ञान शिकविणाऱ्यांना त्याचे पुरते उत्तर ठाऊक नव्हते. पुढील दोन-तीन वर्षांत वाचून, विचारून आणि मुलांसह काही खटपटी करून जे समजले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडीत आहोत.

विजेचे अंतर काढण्याची एक रीत सर्वांच्या परिचयाची आहे. चमक तत्क्षणी दिसते. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर या गतीने मागून येतो. चमक आणि गडगडाट यांमधील सेकंद मोजून त्यांस तीनाने भागले की अंतर किलोमीटरांत मिळते. ही रीत चांगली आहे, पण तोकडी आहे. पंधरा-वीस किलोमीटरांपलीकडचा गडगडाट सहसा ऐकू येत नाही. डोंगराआडची, दाट पावसातली किंवा भर दुपारची चमक दिसेलच असे नाही. मात्र प्रकाश आणि ध्वनी यांखेरीज वीज आणखी एक गोष्ट सर्व दिशांना फेकीत असते, ती म्हणजे रेडिओ लहरी. ज्यांच्या घरी मध्यम लहरींचा जुना ट्रान्झिस्टर होता, त्यांना आठवत असेल की पावसाळी संध्याकाळी आकाशवाणीच्या बातम्या चालू असताना मध्येच 'खर्रर' असा आवाज येई, आणि घरातले मोठे माणूस रेडिओवर एक थाप मारी. दोष रेडिओचा नव्हता. दूर कोठे तरी चमकलेल्या विजेचा तो निरोप होता.

हा निरोप एवढ्या दूरवर का पोहोचतो, हे समजण्यासाठी वीज पडते तेव्हा काय घडते ते पाहावे लागेल. ढगातून विद्युतभाराची एक अंधूक वाट टप्प्याटप्प्याने खाली उतरते. ती जमिनीजवळ येताच जमिनीवरील उंच वस्तूंपासून तशाच वाटा वर निघतात. दोहोंची गाठ पडली की तयार झालेल्या मार्गाने प्रचंड प्रवाह धावतो. डोळ्यांना दिपविणारी वीज ती हीच. शास्त्रज्ञ तिला परतीचा आघात म्हणतात. हा प्रवाह साधारणतः ३०,००० अँपिअरच्या आसपास असतो आणि काही दशलक्षांश सेकंदांत शिखर गाठतो. एका विजेत असे तीन-चार आघात एकाच मार्गाने, काही शतांश सेकंदांच्या अंतराने होतात. म्हणूनच वीज थरथरल्यासारखी भासते. काही किलोमीटर उंचीचा मार्ग आणि त्यातून धावणारा असा प्रवाह म्हणजे निसर्गाने क्षणभर उभारलेला प्रक्षेपण-मनोराच होय. त्याच्या रेडिओ-ऊर्जेचा मोठा भाग पाच ते दहा किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे आकाशवाणीच्या मध्यम लहरींच्याही पुष्कळ खाली असतो. दहा किलोहर्ट्झच्या एका लहरीची लांबी ३० किलोमीटर भरते. इतक्या लांब लहरीला डोंगर किंवा इमारत हा अडथळा वाटतच नाही. ती जमिनीच्या वक्रतेला धरून पुढे सरकते. शिवाय वर, दिवसा सुमारे ७० आणि रात्री सुमारे ८५ ते ९० किलोमीटर उंचीवर, आयनांबराची खालची कडा तिला परत खाली वळविते. जमीन आणि आयनांबर या दोन भिंतींमधील बोळातून विजेचा निरोप हजारो किलोमीटर जातो. उच्च वारंवारतेच्या लहरींना ही सोय नाही. ढगाच्या पोटात वीज कोणत्या वळणांनी हिंडली याचे बारीक चित्र त्या देतात, परंतु क्षितिजाखाली त्यांची पोहोच नसते. म्हणून ढगाचा अभ्यास करावयाचा तर उच्च वारंवारता, आणि जमिनीवर पडलेल्या विजेचा दूरवरून माग काढावयाचा तर नीच वारंवारता, अशी विभागणी झाली आहे.

विजेचा रेडिओ-निरोप प्रथम टिपला तो रशियातील अलेक्झांडर पोपोव्ह यांनी, १८९५ साली. काचेच्या नळीत धातूचा कीस भरलेला असे. लहर आली की तो कीस एकमेकांस चिकटून वीजवाहक बने, मंडल पूर्ण होई आणि घंटी वाजे. त्याच घंटीचा टोला नळीवर बसून कीस पुन्हा मोकळा होई व यंत्र पुढल्या विजेसाठी सज्ज राही. सेंट पीटर्सबर्ग येथील वनविद्येच्या संस्थेत हे यंत्र बसविले गेले आणि सुमारे ३० किलोमीटरपर्यंतच्या वादळाची वर्दी ते देत असे. रेडिओचा शोध कोणाचा, हा वाद देशोदेशी अजून चालतो. त्या वादात आम्हांस पडावयाचे नाही. पण पहिल्या रेडिओ-ग्राहकांपैकी एकाने माणसाचा संदेश ऐकण्याआधी विजेचा ऐकला, ही गोष्ट मुलांना फार आवडली.

घंटी वाजली, परंतु वीज कोठे? या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत, आणि पहिल्याचा अनुभव आम्ही वर्गातच घेतला. मध्यम लहरींच्या ट्रान्झिस्टरमध्ये फेराइटची एक काळी कांडी असते. कांडीचे टोक लहरीच्या उगमाकडे वळले की आवाज सर्वांत मंद होतो, कांडी आडवी असता मोठा होतो. तेव्हा रेडिओ फिरवून आवाज जेथे मंदावेल त्या रेषेवर वीज असणार, असा तर्क मुलांनी बांधला. दूरवर ढग असताना, वर्गाच्या मधोमध बसून, सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर घेऊन आम्ही बसलो. (गच्चीवर जाण्याचा हट्ट मुलांनी धरला होता, तो आम्ही मानला नाही.) नभोवाणी केंद्रावर ही युक्ती उत्तम चालली. विजेवर अजिबात चालली नाही. रेडिओ थोडा वळवेपर्यंत खरखर संपलेली असे, आणि पुढली खरखर दुसऱ्याच विजेची असे.

ही अडचण केवळ आमची नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश हवामान खात्यातील रॉबर्ट वॉटसन-वॉट हे वैमानिकांना वादळाची पूर्वसूचना देण्यासाठी याच मार्गाने जात होते. हाताने फिरवावयाची चौकट विजेपुढे मंद ठरते, हे त्यांनाही जाणवले. १९२०च्या दशकात त्यांनी उपाय शोधला. तारेच्या दोन चौकटी काटकोनात पक्क्या रोवल्या, एक उत्तर-दक्षिण व दुसरी पूर्व-पश्चिम. दोहोंतील विद्युतदाब कॅथोड किरण नळीच्या दोन जोड-पट्ट्यांना दिले. वीज चमकताच पडद्यावरील ठिपका त्या दोहोंच्या प्रमाणात सरकून तिरपी रेषा काढी, आणि रेषेचा कोन म्हणजेच विजेची दिशा. काही फिरवावयाचे नाही, क्षणात काम. हेच गृहस्थ १९३५ नंतर रडारचे एक जनक म्हणून प्रसिद्धीस आले. दोन ठिकाणांहून काढलेल्या दिशा-रेषा नकाशावर जेथे छेदतील तेथे वीज.

या रीतीत एक उणीव आहे. कोनात एका अंशाची चूक झाली तर २०० किलोमीटरवर ती साडेतीन किलोमीटरांची होते. विजेच्या मार्गाला फाटे असतात, तो वाकडातिकडा असतो. आडव्या भागातून निघणाऱ्या लहरी कोन बिघडवितात. १९७६ साली अमेरिकेतील क्रायडर, उमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मार्मिक सुधारणा केली. परतीच्या आघाताची सुरुवात जमिनीलगत होते, आणि जमिनीलगतचा मार्ग बहुधा उभा असतो. म्हणून लहरीच्या अगदी पहिल्या शिखरापुरतेच मोजमाप घ्यावयाचे आणि नंतरचे सर्व सोडून द्यावयाचे. अलास्का व पश्चिम अमेरिकेच्या जंगलांत विजेने लागणारे वणवे वेळीच गाठण्यासाठी ही यंत्रे प्रथम कामास आली.

दुसरे उत्तर वेळेचे आहे आणि आजची बहुतेक जाळी मुख्यतः त्यावर चालतात. येथे मुलांना, आणि खरे सांगावयाचे तर आम्हांसही, एक गोष्ट उमगण्यास वेळ लागला. गडगडाट मोजताना आरंभाची वेळ प्रकाश सांगतो. रेडिओ लहर स्वतःच प्रकाशाच्या वेगाने येते; तिच्यापुढे धावून 'आता निघाली' असे सांगणारा कोणी जासूद नाही. म्हणजे लहर केव्हा पोहोचली हे कळते, केव्हा निघाली ते कळत नाही. मग अंतर काढावयाचे कसे?

एका ठिकाणाहून ते निघतच नाही. दोन ठिकाणी मात्र पोहोचण्याच्या वेळांतील फरक मोजता येतो. प्रकाश एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, ३०० मीटर जातो. पुण्यातील संवेदकाने लहर नांदेडच्या संवेदकापेक्षा १०० मायक्रोसेकंद आधी टिपली, असे समजू. तर वीज नांदेडपेक्षा पुण्याला ३० किलोमीटर जवळ आहे, एवढे निश्चित झाले. अशा सर्व बिंदूंची मिळून एक वक्र रेषा होते. गणितात तिला अपास्त म्हणतात. फरक शून्य असेल तर तीच रेषा आपल्या ओळखीचा लंबदुभाजक होते. मुलांनी फळीवर नकाशा लावून पुणे, नांदेड व कोल्हापूर येथे खिळे ठोकले. दोन खिळ्यांवरून दोन दोरे आणून पेन्सिलीला बांधले आणि दोन्ही दोरे सारखेच ढिले करीत पेन्सिल सरकविली, की अपास्त उमटतो. पुणे-नांदेडचा एक वक्र व पुणे-कोल्हापूरचा दुसरा वक्र जेथे छेदतात तेथे वीज. कधी ते दोन ठिकाणी छेदतात. तेव्हा चौथा संवेदक निवाडा करतो. दोरे सारखे निसटत असल्याने आमच्या एका विजेने थेट अरबी समुद्र गाठला, तरीही तत्त्व सर्वांच्या हाती लागले.

हे तत्त्व जुने असले तरी त्याला जोड हवी होती ती शेकडो किलोमीटर अंतरावरील घड्याळे मायक्रोसेकंदापर्यंत जुळविण्याची. जीपीएस उपग्रहांनी ती दिली. आज प्रत्येक संवेदकाशी एक जीपीएस घड्याळ असते. संवेदक लहरीचा आकार व वेळ नोंदवून मध्यवर्ती संगणकाकडे धाडतो आणि काही सेकंदांत ठिकाण निघते. लहरीच्या आकारावरून आणखीही पुष्कळ कळते. जमिनीवर पडलेल्या विजेची लहर झपकन चढते व सावकाश उतरते. ढगातल्या ढगात झालेल्या विजेची लहर अरुंद, वरखाली होणारी असते. पहिले शिखर वर आहे की खाली, यावरून भार ऋण की धन हे ठरते. जमिनीवर येणाऱ्या दहांपैकी सुमारे नऊ विजा ऋण भाराच्या असतात. शिखराची उंची व अंतर यांवरून प्रवाहाचा अंदाज बांधता येतो.

संवेदक ठेवावयाची जागा हा यातील सर्वांत घरगुती प्रश्न आहे. विजेची खरखर कोणती आणि विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरची कोणती, हे आमचा ट्रान्झिस्टर सांगू शकत नसे. मोठ्या यंत्रणांनाही हा जाच आहे. महाराष्ट्रातच याच जातीचे एक जुने उदाहरण सापडते. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतील पृथ्वीच्या चुंबकत्वाची मापने बिघडतील, हे ओळखून ते काम १९०४ साली अलिबागला हलविले गेले. ते तेथे आजही चालू आहे.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने महाराष्ट्रापासून आरंभ करून देशभर संवेदकांचे जाळे उभारले आहे. हे संवेदक एक हर्ट्झपासून १२ मेगाहर्ट्झपर्यंतच्या लहरी ऐकतात, त्यामुळे जमिनीवरची वीज आणि ढगातली वीज अशा दोन्ही त्यांना सापडतात. ढगातली वीज सापडण्याचे महत्त्व मोठे आहे. बहुतेक वादळांत पहिल्या विजा ढगातच होतात. जमिनीवरची पहिली वीज काही मिनिटांनी येते. तेवढी मिनिटे हाती लागली तर रानातले माणूस पक्क्या घरापर्यंत पोहोचू शकते. याच जाळ्यावर 'दामिनी' हे मोबाइल ॲप चालते. आपण उभे आहोत तेथून २० व ४० किलोमीटरच्या परिघात विजा होत असल्यास ते सूचना देते.

याची निकड किती, हे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांवरून दिसते. २०२१ साली देशात वीज पडून २,८८० माणसे मृत्युमुखी पडली, २०२२ साली २,८८७. यांत शेतात राबणारी माणसे अधिक असतात. आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांचे आईवडील त्याच रानात, सोयाबीन काढणीच्या त्याच दिवसांत, उघड्यावर असतात. पाऊस आला की ती झाडाखाली जातात, आणि झाड हेच वाईट ठिकाण असते. झाडावर पडलेली वीज बुंध्यातून शेजारच्या माणसावर उडी घेते किंवा जमिनीतून त्याच्या पायांत शिरते. ॲप चांगले असले तरी साध्या फोनवर ते चालत नाही, आणि रानात पुष्कळांकडे साधाच फोन असतो. या यंत्रणेची खरी अडचण आमच्या मते विज्ञानाची नसून शेवटच्या दोन किलोमीटरांची आहे.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे. वीज कोठे पडते याचे जगभरचे नकाशे या संवेदकांमुळे तयार झाले आहेत. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठातून चालणारे एक जागतिक जाळे अगदी नीच वारंवारतेवर, ठिकठिकाणच्या विद्यापीठांच्या साहाय्याने काम करते. त्याच्या बारा वर्षांच्या नोंदी २०१७ साली तपासल्या असता श्रीलंकेच्या खालून मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जाणाऱ्या जहाजांच्या वाटेवर, तसेच दक्षिण चिनी समुद्रातील वाटेवर, विजा आजूबाजूपेक्षा सुमारे दुप्पट आढळल्या. वीज जहाजांवर पडत होती असे नव्हे. जहाजांच्या गंधकयुक्त धुरातील कण ढगात शिरून पाण्याचे थेंब बारीक करीत होते. बारीक थेंब अधिक उंच जाऊन गोठत होते, आणि बर्फकणांच्या घर्षणातूनच ढगात विद्युतभार वेगळा होतो. १ जानेवारी २०२०पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली, आणि त्या वाटेवरील विजा जवळजवळ निम्म्यावर आल्या. हा नकाशा आम्ही फळ्यावर काढला तेव्हा त्या मुलाने विचारले, "म्हणजे ढगाला धूर कळतो, माणूस कळत नाही?" आम्ही होय म्हटले. मग आम्ही आणखी एक हिशेब मांडला. पूर्ण दिवसांच्या शंभर बाळांपैकी तीन-चार बाळे प्रसूतीच्या वेळी डोके वर असलेल्या स्थितीत असतात. आमच्या तीनशे मुलांच्या वसतिगृहात मग अशी नऊ-दहा तरी असावीत. चौकशी करता पाच जण निघाले. त्यांपैकी दोघे त्या दिवशी त्याला दूर ठेवणाऱ्यांत होते. त्यांच्या आयांनी ही गोष्ट कोणास सांगितली नव्हती, इतकेच.

या जाळ्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ठिकाण काही शे मीटरांपर्यंत अचूक असते. वीज कोणत्या झाडावर पडली हे ते सांगत नाही. काही विजा निसटतात, विशेषतः दुबळ्या. पुढली वीज कोठे पडेल हेही कोणी सांगू शकत नाही. ढग कोणीकडे सरकतो आहे एवढेच सांगता येते.

त्यानंतर शाळेत एक नियम झाला. ॲपवर २० किलोमीटरच्या आत वीज दिसली, किंवा गडगडाट ऐकू आला, की शाळेची घंटा सलग वाजवावयाची आणि मैदान रिकामे करावयाचे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास होईपर्यंत कोणी बाहेर पडावयाचे नाही, मग सायंवंदनेला उशीर झाला तरी चालेल. घंटा शेजारच्या शिवारात ऐकू जाते. आता तेथील बायामाणसेही काम टाकून शाळेच्या सभागृहात येऊन बसतात. वादळात नेटवर्क पुष्कळदा जाते, म्हणून अधीक्षकांच्या खोलीत सेलवरचे दोन ट्रान्झिस्टर ठेवले आहेत. केंद्र नसलेल्या ठिकाणी काटा लावून ठेवला की खरखर दाट होऊ लागल्याचे कानांस कळते. अचूकता शून्य, पण वर्दी मिळते. घंटा केव्हा वाजली, पहिला गडगडाट केव्हा ऐकू आला, याची वही मुले ठेवतात. पहिली तीन वर्षे ती त्याच मुलाच्या अक्षरात आहे.

तो आता बाहेरगावी शिकतो. सुट्टीत भेटीस आला की स्वयंपाकघरातले मामा अजूनही त्याच्याकडे पाठ करून उभे राहतात, आणि त्याबाबत आम्ही काही बोलत नाही.